दोन विभागांमधला ओसाड चौक : साफसफाई दरवर्षी होते, टिकत मात्र नाही

प्रश्न – कट्ट्यावरचा वाचक

आमचे विद्यापीठ दख्खनच्या पठारावर, कमी पावसाच्या पट्ट्यात आहे. नाव मुद्दाम देत नाही. भाषा आणि इतिहास या दोन विभागांच्या इमारतींमध्ये अंदाजे 40 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद असा एक चौक आहे. त्यात विलायती शिरीषाची दोन डेरेदार झाडे आहेत, एक जुनी चिंच आहे, मधोमध कधीकाळी चालू असलेले कारंजे आहे आणि एका बाजूला पाठ टेकता येईल असा दगडी कट्टा आहे. दुपारी एक वाजता, जेव्हा दोन्ही विभागांचे तास सुटतात, तेव्हा संपूर्ण परिसरात एवढी दाट सावली दुसरीकडे कुठेही मिळत नाही, आणि तरीही तिथे कोणी बसत नाही.

कारणे सांगायला फार कष्ट पडत नाहीत. कारंज्याच्या हौदात जुलैपासून पाणी साचते आणि डास होतात. निम्म्या जागेत गाजर गवत छातीपर्यंत वाढते. इतिहास विभागाच्या भिंतीलगत गंजलेली लोखंडी कपाटे, तीन पायांच्या खुर्च्या आणि वर्गातले लिहिण्याचे फळे रचून ठेवलेले आहेत, आणि वर्गखोल्यांच्या नूतनीकरणाचा राडारोडा त्यांच्या शेजारी पडून आहे. उरलेल्या जागेत दुचाक्या लावल्या जातात.

चौकाकडे कोणाचेच लक्ष नाही असेही नाही. गांधी जयंतीच्या सुमारास तिथे दरवर्षी श्रमदान होते, गवत उपटले जाते, छायाचित्रे निघतात. पावसाळ्यात वृक्षारोपणही होते. पण रोपांना जानेवारीनंतर पाणी मिळत नाही आणि परीक्षा संपून सुट्टी लागेपर्यंत त्यांच्या काड्या झालेल्या असतात. आम्ही काही संशोधक विद्यार्थ्यांनी या वर्षी हे काम अंगावर घ्यायचे ठरवले आहे. एका माजी विद्यार्थी गटाने सहा सिमेंटची बाके देण्याची तयारी दाखवली आहे आणि कारंजे पुन्हा सुरू करण्याचा खर्च उचलण्याविषयीही ते बोलत आहेत. मला विचारायचे आहे ते असे : एकदा जागा नीट केल्यावर ती नीट राहावी यासाठी नेमके काय करावे लागते, अर्ज कोणाकडे द्यायचा, आणि बाके व कारंजे हे दान आत्ताच स्वीकारावे का? आमच्यापैकी निम्मे जण दोन वर्षांत येथून निघून जातील, हेही लक्षात घेऊन सांगावे.

उत्तर – निवृत्त उद्यान अधीक्षक

माझी नोकरी एका विद्यापीठाच्या उद्यान विभागात झाली, त्यामुळे मी तुमच्या प्रश्नाकडे फुलझाडांच्या नव्हे तर कागदाच्या बाजूने पाहतो. तुमचा चौक घाण आहे याचे मूळ कारण विद्यार्थ्यांची बेफिकिरी किंवा माळ्याचा आळस हे नसून तो चौक बहुधा कोणाच्याच यादीत नाही, हे आहे. आजकाल बहुतेक विद्यापीठांत बागकाम आणि झाडलोट वार्षिक कंत्राटावर चालते. त्या निविदेला एक परिशिष्ट जोडलेले असते, ज्यात कोणकोणत्या जागा, किती चौरस मीटर आणि आठवड्यातून किती वेळा हे लिहिलेले असते. जी जागा त्या परिशिष्टात नाही, तिथे मुकादम माणूस पाठवत नाही, आणि पाठवला नाही म्हणून त्याला दोषही देता येत नाही. दोन इमारतींमधली जागा अशी हमखास सुटते, कारण इमारतीचा मजला झाडणारे कंत्राट पायरीपाशी संपते आणि बागेचे कंत्राट मुख्य रस्त्याच्या कडेच्या ताटव्यांपुरते असते. म्हणून पहिला अर्ज ‘चौक स्वच्छ करावा’ असा करू नका. ‘सदर जागा उद्यान देखभाल कंत्राटाच्या परिशिष्टात समाविष्ट करावी’ असा करा, सोबत मोजमापांसह हाताने काढलेला नकाशा जोडा, आणि दोन्ही विभागप्रमुखांच्या सहीने तो कुलसचिवांच्या नावे आवक कक्षात देऊन पोचपावती घ्या. विद्यार्थ्यांचे निवेदन असले की ते ऐकून घेतले जाते; विभागप्रमुखांचे पत्र असले की त्याची नस्ती, म्हणजे फाइल, तयार होते, आणि नस्तीला कधी ना कधी उत्तर द्यावे लागते.

वेळेचेही भान ठेवा. विद्यापीठाचे आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते आणि अर्थसंकल्पाला त्याआधी अधिसभेची (सिनेटची) मान्यता लागते, त्यामुळे विभागांकडून मागण्या हिवाळ्यातच गोळा केल्या जातात. फेब्रुवारीत दिलेल्या अर्जाला ‘तरतूद उपलब्ध नाही’ हे उत्तर मिळते आणि ते खरेही असते. दिवाळीपूर्वी पत्र दिले तर पुढच्या वर्षाच्या तरतुदीत जागा मिळण्याची आशा असते.

आता त्या कपाटांविषयी. ती कोणी उचलत नाही याचे कारण ती डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, आहेत. गंजून चाळण झालेले कपाटही कागदोपत्री विद्यापीठाची मालमत्ता असते आणि ज्याच्या ताब्यात ते नोंदलेले आहे, त्याला निवृत्तीच्या वेळी ‘ना देय’ दाखला घ्यायचा असतो. मग तो ते भंगारात देण्याचे धाडस कसे करील? यावर उपाय निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू रजिस्टरवरून रीतसर कमी करण्याचा, आहे. विभागाने वस्तूंची यादी करायची, समिती पाहणी करून त्या दुरुस्तीपलीकडे गेल्याचे नमूद करते, मग लिलाव होतो आणि रजिस्टरवर लाल शाईने नोंद पडते. हे काम कंटाळवाणे आहे म्हणून ते वर्षानुवर्षे कोणी करत नाही. तुम्ही चार जणांनी दोन दुपारी बसून त्या ढिगातल्या वस्तूंची यादी, त्यांवर रंगवलेले क्रमांक पाहून, विभागाच्या लिपिकाला तयार करून दिली तर अर्धी लढाई जिंकलीत असे समजा. श्रमदानाच्या दिवशी उत्साहाच्या भरात त्यातले काहीही बाहेर नेऊन टाकू नका. एका खुर्चीवरून चौकशी लागलेली मी पाहिली आहे.

राडारोड्याचे तसे नाही. बांधकामाचा मलबा उचलणे ही ठेकेदाराची जबाबदारी असते, आणि बांधकाम व पाडकाम कचऱ्याविषयी केंद्राचे नियमही आहेत. काम संपल्यावर ठेकेदाराची सुरक्षा ठेव काही काळ विद्यापीठाकडेच राहते. ती परत गेली नसेल तर अभियांत्रिकी विभागाला एक पत्र पुरते. परत गेली असेल तर मात्र तो मलबा तुमच्या नशिबी आला. त्यातल्या विटांचे आणि दगडांचे तुकडे पायवाटेच्या भरावासाठी वापरता येतील.

दानाबद्दल स्पष्ट बोलतो. बाके देणारे पुष्कळ भेटतात, कारण बाकावर नाव कोरता येते. पाण्याच्या नळीवर नाव कोरता येत नाही. कारंजे तर मुळीच स्वीकारू नका. पंप, वीजजोडणी, शेवाळ, तुंबलेल्या तोट्या आणि उन्हाळ्यातली पाणीकपात या सगळ्यांतून जे कारंजे पाच वर्षे टिकले ते मी माझ्या नोकरीत पाहिलेले नाही. हौदाच्या तळाला निचऱ्यासाठी भोके पाडून घ्या, खाली तोच विटांचा चुरा, वर माती आणि शेणखत भरा आणि त्याचा गोल ताटवा करा. डासांचा प्रश्न त्याच दिवशी संपतो. माजी विद्यार्थ्यांना सांगा की सहा बाकांऐवजी दोन बाके द्या आणि उरलेली रक्कम ठेव म्हणून विद्यापीठाकडे जमा करा. पदकांसाठी आणि पारितोषिकांसाठी जसे दाननिधी असतात, मुद्दल तसेच राहते आणि व्याजातून दरवर्षी पदक दिले जाते, तसाच हा निधी देखभालीसाठी ठेवता येईल. दोन लाख रुपयांवर सात टक्के धरले तरी वर्षाला 14,000 रुपये होतात. त्यात माळ्याचा पगार निघणार नाही, पण पाण्याची नळी, खत, फावडी, तुटलेली फरशी, एखादा नळ हा सगळा किरकोळ खर्च निघतो, आणि तीस रुपयांच्या वॉशरसाठी नस्ती फिरवण्याची वेळ येत नाही.

आणि नळ. चौकात नळ नसेल तर वरचे सगळे व्यर्थ आहे. बादलीने पाणी घालण्याचा संकल्प पहिल्या अंतर्गत परीक्षेपर्यंत टिकतो.

उत्तर – वनस्पतीशास्त्राची शिक्षिका

कागदाची बाजू अधीक्षकांनी इतकी नेमकी मांडली आहे की मी फक्त जमिनीविषयी लिहिते.

गाजर गवत तुम्ही ऑक्टोबरमध्ये उपटता, हीच अडचण आहे. पहिल्या पावसानंतर उगवलेल्या रोपाला साधारण महिना-दीड महिन्यात फुले येऊ लागतात आणि एक मोठे झाड हजारो बिया टाकते. गांधी जयंतीपर्यंत त्या वर्षीचे बी जमिनीत पडून गेलेले असते आणि तुमच्या श्रमदानाने ते सगळ्या चौकभर पसरते. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदले गेले ते 1950 च्या दशकात पुण्यातच, आणि त्यानंतर ते देशभर कसे पसरले हे पाहिले म्हणजे त्याच्या बियांच्या ताकदीची कल्पना येते. उपटणी जुलैच्या मध्यावर, माती ओली आणि रोपे गुडघ्याखाली असताना, फुले येण्यापूर्वी व्हायला हवी, मग ऑगस्टमध्ये एक फेरी आणि सप्टेंबरमध्ये राहिलेल्यांसाठी एक. फुलापूर्वी उपटलेले गवत खतात घालता येते, फुलावर आलेले घालू नये. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कारण अनेकांना या झाडाच्या स्पर्शाने त्वचेचा तीव्र त्रास होतो आणि परागकणांनी दम्याच्या रुग्णांना धाप लागते. ज्यांना असा त्रास आहे त्यांना या कामातून सरळ वगळा. पानांवर पिवळट रंगाचे, पाठीवर गडद रेघा असलेले छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे आहेत आणि याच गवतावर जगतात. 1984 मध्ये बंगळूरू येथे ते मुद्दाम सोडण्यात आले होते. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच टाकळ्याचे बी फेकावे. टाकळा दाट वाढतो आणि गाजर गवताला उजेड मिळू देत नाही, शिवाय त्याची कोवळी पाने भाजीला येतात, हे तुमच्यापैकी कोकणातल्या मुलांना मी सांगायची गरज नाही.

झाडांविषयी एक विनंती अशी की नवीन झाडे लावण्याचा मोह आवरा. तीन मोठ्या वृक्षांची सावली असलेल्या चौकात पन्नास रोपे लावणे हे छायाचित्रासाठी ठीक आहे. विलायती शिरीषाखाली हिरवळ लावू नका. सावलीत ती विरळ होते, तिला उन्हाळ्यात रोज पाणी लागते आणि वर चिकट शेंगांचा सडा पडला की ती झाडताना उपटून निघते. उन्हाच्या कडेला, जिथे छत्र संपते तिथे, एक बहावा आणि दोन कांचन एवढे पुष्कळ झाले. ताम्हण हे आपल्या राज्याचे फूल खरे, पण त्याला ओलावा लागतो. तुमच्या मुरमाड जमिनीत तो नळाजवळ असेल तरच लावा. सावलीच्या भागात अडुळसा आणि कोरांटी कमी पाण्यावर तग धरतात, शिवाय अडुळशाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत (परिसरात शेळ्या येत नाहीत असे कुलसचिव म्हणतील, पण त्या येतात). खड्डे मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खणून उन्हात तापू द्या आणि दोन चांगले पाऊस झाल्यावर लावणी करा. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे लागेल, तिसऱ्यापासून झाड स्वतःचे पाहते. तेव्हा जेवढ्या रोपांना दोन उन्हाळे पाणी देण्याची लेखी हमी आहे, तेवढीच लावा.

जुन्या झाडांची काळजी हे खरे काम आहे आणि त्याचे छायाचित्र निघत नाही. बुंध्यापर्यंत आलेला सिमेंटचा कोबा फोडून घ्या; राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांसंबंधी दिलेल्या आदेशात बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्यास सांगितले होते, आणि तेवढे अंतर कुठल्याही गावी राखण्यासारखे आहे. खिळे काढा, फलक उतरवा. विलायती शिरीषाचे लाकूड ठिसूळ असते आणि वाळलेली फांदी वळवाच्या वाऱ्यात कोसळते, म्हणून बाके ठेवण्याआधी एप्रिलमध्ये वाळक्या फांद्यांची पाहणी झालीच पाहिजे. मात्र विद्यापीठ शहराच्या हद्दीत असेल तर फांदीला हात लावण्याआधी नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी. त्यासाठी 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना त्यात वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान मिळाले आहे. तुमची चिंच बहुधा त्यात बसेल.

पाला जाळू देऊ नका. एका कोपऱ्यात तारेच्या जाळीचा, छातीएवढ्या उंचीचा गोल पिंजरा करा, पाला त्यात दाबून भरा, आठवड्यातून एकदा पाणी शिंपडा आणि महिन्यातून एकदा खालीवर करा. वर्षभरात काळेभोर पानखत मिळते आणि ते त्याच झाडांच्या आळ्यांत जाते. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांतील संस्थांनी आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत सांगितले होते. प्रशासनाशी बोलताना हा मुद्दा उपयोगी पडतो.

उत्तर – दुपारच्या डब्याची बाजू

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु हा चौक नेमका कोणासाठी सुधारायचा आहे, याबद्दल कोणीच बोललेले नाही. आमच्या विद्यापीठात अशाच एका जागेचे ‘सुशोभीकरण’ झाले. कुंपण आले, शोभेची झुडपे आली, ‘हिरवळीवर बसू नये’ असा फलक आला, आणि त्या आधी तिथे झाडाखाली गोल करून डबा खाणाऱ्या सफाई कामगार स्त्रिया जिन्याखाली बसू लागल्या. जागा आज सुंदर दिसते, विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीलाही ती दाखवली गेली, आणि ती दिवसभर रिकामी असते.

म्हणून काहीही करण्याआधी तुम्ही एक आठवडा सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर त्या चौकात थोडा वेळ उभे राहा आणि कोण कुठून कुठे जाते ते कागदावर काढा. लोक जिथून तिरके चालतात तिथे पायवाट पडलेलीच असते; फरशी तिथेच घाला, नकाशात शोभते म्हणून काटकोनात घालू नका, नाहीतर लोक फरशी सोडून ताटव्यातून जातील आणि मग ताटव्याला तारेचे कुंपण लागेल. दुचाक्या हटवायच्या असतील तर त्या दुसरीकडे कुठे लागतील ते आधी ठरवा; नुसती साखळी लावली तर महिनाभरात तिचे कुलूप मोडते. बाके दोन असोत की सहा, ती समोरासमोर किंवा काटकोनात ठेवा. एका रेषेत ठेवलेल्या बाकांवर माणसे स्थानकावर गाडीची वाट पाहत असल्यासारखी बसतात आणि लवकर उठतात.

एक गोष्ट मुलींच्या दृष्टीने सांगते. संध्याकाळी ग्रंथालयातून वसतिगृहाकडे जाताना आम्ही ज्या जागा टाळतो त्या अंधारामुळे टाळतो, आणि तितक्याच त्या आडोशामुळेही टाळतो. छातीएवढी वाढणारी झुडपे वाटेच्या कडेला लावू नका. कोरांटी लावायची असेल तर तिची दरवर्षी छाटणी होईल असे पाहा, आणि एक दिवा कट्ट्यावर पडेल असा असू द्या.

उत्तर – चाकांची खुर्ची

थोडक्यात लिहितो. तुमच्या चौकाला पायऱ्या आहेत का, हे प्रश्नात आलेले नाही, पण दोन इमारतींमधल्या जागेला त्या असतातच. उताराचे प्रमाण 1 ला 12 असावे लागते. म्हणजे 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची 45 सेंटिमीटर, आणि उतार 5.4 मीटर लांब हवा. हे गणित न करता दोन मीटरमध्ये बसवलेला खडा उतार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. त्यावरून खाली येणे हे धाडसाचे काम असते आणि वर जाणे अशक्य. आता नव्याने फरशी घालणारच असाल तर उतारही त्याच खर्चात बसवून घ्या, कारण नंतर त्यासाठी स्वतंत्र निविदा लागेल आणि ती निघणार नाही. सुटी खडी वाटेवर नको, तिच्यात चाके रुततात. चोपून बसवलेला मुरूम कोरड्या दिवसांत चालतो, पावसात नाही. एका बाकाच्या शेजारी खुर्ची उभी राहील एवढी मोकळी जागा ठेवा, म्हणजे आम्हाला मित्रांच्या रांगेबाहेर, वाटेत बसावे लागत नाही.

उत्तर – माजी कार्यक्रम अधिकारी, राष्ट्रीय सेवा योजना

तुमच्या मूळ प्रश्नातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण दोन वर्षांनी निघून जाणाऱ्या माणसांच्या भरवशावर वीस वर्षांचे काम कसे उभे करायचे हीच प्रत्येक कार्यक्रम अधिकाऱ्याची डोकेदुखी असते. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास आणि दोन वर्षांत 240 तास काम करायचे असते, आणि नियमित कार्यक्रमाच्या 120 तासांतले सुमारे 30 तास परिसरातील कामासाठी धरलेले असतात. शंभर स्वयंसेवकांच्या एका पथकाचे कागदावर 3,000 तास झाले. प्रत्यक्षात हे तास एका रविवारी सगळे मिळून संपवण्याकडे कल असतो, कारण हजेरी घेणे सोपे जाते. तुमच्या चौकाला शंभर माणसे एक दिवस नको आहेत. चार माणसे दर शनिवारी दीड तास हवी आहेत. जुलै ते मार्च एवढ्या काळात चार जणांचे होऊन सव्वादोनशे तासांच्या आसपास काम होते, जे पथकाच्या परिसर-तासांचा दहावा हिस्साही नाही. तेव्हा कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे ‘श्रमदान ठेवा’ अशी मागणी न करता ‘आठ स्वयंसेवकांचे परिसर-तास या चौकाला लावून द्या, चार-चार जण आलटून पालटून येतील’ अशी मागणी करा. सात दिवसांच्या विशेष शिबिराकडे मात्र पाहू नका, ते दत्तक गावासाठी असते आणि तसेच असावे.

एप्रिल ते जून या तीन महिन्यांचे काय, हा प्रश्न उरतो आणि पाण्याची खरी गरज तेव्हाच असते. सुट्टीत विद्यार्थ्यांवर विसंबू नये असे माझे मत आहे. त्या काळात पाणी हे पगार घेणाऱ्या माणसाचेच काम असले पाहिजे, मग तो कंत्राटी माळी असो किंवा कमवा व शिका योजनेतला, सुट्टीत वसतिगृहात राहणारा विद्यार्थी असो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाला शिक्षणाशी जोडले तेव्हा त्या श्रमाला मोल होते, आणि ही योजना पुण्याच्या विद्यापीठासह अनेक ठिकाणी आजही त्याच तत्त्वावर तासांचा मोबदला देऊन चालते. विद्यार्थी विकास मंडळाच्या संचालकांना भेटा. शेतमजुराच्या घरून आलेल्या मुलाला आळे कसे करायचे ते शिकवावे लागत नाही. त्याच्याकडून ते फुकट करून घेणे आणि त्याला सेवा म्हणणे मला पटत नाही.

इथे अधीक्षकांशी माझा थोडा मतभेद आहे. कंत्राटाच्या परिशिष्टात जागा घातली की काम होते असे ते सुचवतात. जागा परिशिष्टात असूनही वाळलेली उद्याने मी पाहिली आहेत, कारण काम झाले की नाही हे तपासून बिलावर सही करणारा अधिकारी परिसराच्या दुसऱ्या टोकाला बसतो. चौकात ज्यांच्या खिडक्या उघडतात त्या दोन विभागांपैकी एकाच्या प्रमुखांची ‘काम समाधानकारक’ अशी मासिक सही बिलासोबत लागेल, असे कलम निविदेत घालून घ्यावे. एवढ्या एका सहीने मुकादमाची चाल बदलते.

प्रश्नकर्ता – कट्ट्यावरचा वाचक

सर्वांचे मनापासून आभार. काही गोष्टी लगेच पाहून आलो. चौकात नळ आहे, भाषा विभागाच्या मागच्या भिंतीला, पण त्याची तोटी काढून टोपण बसवलेले आहे. पायऱ्या दोन आहेत, प्रत्येकी 15 सेंटिमीटरच्या, म्हणजे 3.6 मीटरचा उतार बसवायला जागा पुरेशी आहे. कपाटांवरचे क्रमांक बरेचसे वाचता येतात आणि यादी करायला आम्ही सुरुवात केली आहे. विभागातल्या लिपिक बाईंना निर्लेखनाचे नाव काढताच त्यांनी आधी संशयाने पाहिले, आणि यादी आम्हीच करून देऊ म्हटल्यावर चहा मागवला.

माजी विद्यार्थ्यांशी बोललो. कारंजे सोडून देण्यास ते तयार झाले. दोन बाके आणि उरलेल्या रकमेची ठेव, ही कल्पना त्यांना एकदम पटली नाही, कारण ठेव कुठे दिसत नाही असे त्यांचे म्हणणे आहे. एक पर्याय मी सुचवला की ताटव्याच्या कडेच्या दगडावर त्यांच्या वर्षाचा उल्लेख करावा आणि ठेवीचे नावही त्यांच्याच वर्षाचे असावे. ते कळवणार आहेत. सफाई कामगार मावशींनाही विचारले. त्यांना चौकात दुसरे काही नको आहे, कट्ट्याजवळ हात धुण्यापुरता नळ हवा आहे. डबा कट्ट्यावरच खाऊ म्हणाल्या.

एक शंका राहिली आहे. नळाला तोटी बसवण्याचे पत्र विभागप्रमुखांमार्फत कुलसचिवांकडेच द्यायचे, की एवढ्यासाठी अभियांत्रिकी विभागाकडे थेट गेले तर चालते?

उत्तर – निवृत्त उद्यान अधीक्षक

तोटी कोणी काढली ते आधी विचारा. पाणीकपातीच्या वर्षी वरून आदेश आल्यामुळे काढली असेल तर पुन्हा बसवायलाही आदेशच लागेल, आणि मग पत्र कुलसचिवांकडे. चोरीला गेली म्हणून टोपण बसवले असेल, जे अधिक संभवते, तर अभियांत्रिकी विभागाच्या तक्रार नोंदवहीत नोंद पुरेशी आहे. तिथल्या नळकारागिराला प्रत्यक्ष भेटा, पितळी तोटीऐवजी प्लॅस्टिकची बसवायला सांगा, म्हणजे ती पुन्हा जाणार नाही. हात धुण्याचे पाणी वाया न घालवता त्याचा पाट अडुळशाच्या आळ्याकडे काढून घ्या.

कार्यक्रम अधिकाऱ्यांनी सुचवलेले मासिक सहीचे कलम योग्य आहे, ते मला मान्य आहे. फक्त सही विभागप्रमुखांची न ठेवता ‘विभागप्रमुख किंवा त्यांनी नेमलेले शिक्षक’ अशी ठेवा. प्रमुख दर तीन वर्षांनी बदलतात आणि मे महिन्यात ते जागेवर नसतात. बिल अडकले तर पहिले पाणी तुटेल ते तुमच्या चौकाचेच.

मेमधल्या खड्ड्यांची मागणी त्याच पत्रात आत्ताच घालून ठेवा.